पवळीची घरभरणी

पोशीरच्या सोनाबाईला आजवर कुणी खोटं बोलताना पकडलं नव्हतं. त्यावरून ती खोटं बोलतच नाही असं कुणाला वाटलं, तर तो त्याचा भोळेपणा. खोटं बोलायची तिला गरजच पडत नसे. समोरच्याला जे वाटतंय ते खुशाल वाटू द्यायचं, वर "हो, बरोबर हाय तुमचं" म्हणून मान डोलवायची आणि आपलं काम उरकून घ्यायचं, एवढीच तिची रीत. या रीतीनं तिनं चाळीस वर्षं संसार हाकला होता. आणि हा संसार आपण हाकतो आहोत, अशी तिचे यजमान आबाजी यांची पक्की समजूत होती.

यंदा प्रश्न गोठ्याचा होता.

गोठा घराच्या मागे, चिंचेच्या पलीकडे. काळ्या दगडाचं जोतं, सागाचे खांब, कारवीच्या कुडाच्या भिंती आणि वर कौलं. एके काळी त्यात दोन बैलजोड्या, म्हशी आणि गाई अशी दाटी असायची. ट्रॅक्टर आला तसे बैल गेले. सोनाबाईचे गुडघे गेले तशा म्हशी गेल्या. शेवटी उरली पवळी नावाची तांबूस गाय. तीही तीन वर्षांपूर्वी ठाकरवाडीतल्या पदूला अर्धलीनं दिली. म्हणजे सांभाळायची त्यानं, आणि होणारी वासरं दोघांत वाटून घ्यायची. तेव्हापासून गोठ्यात थोरल्या मुलाच्या, नवनाथच्या टेंपोची फाटकी टायरं पडून होती आणि वर वटवाघळं लटकत होती.

दिवाळीच्या सुमाराला भाग्यश्री माहेरी आली. आबाजींची ही धाकटी लेक रसायनीला दिलेली. नवऱ्यानं तिथं दुसरं बिऱ्हाड थाटलं आणि वर हिलाच म्हणाला, "समजून घे." भाग्यश्रीनं समजून घेतलं, शिलाई मशीन टेंपोत टाकली आणि घर गाठलं. घरात नवनाथचं कुटुंब मावत नव्हतं, म्हणून तिची मशीन पडवीत आली आणि मशीनशेजारी तिचं अंथरूण. कुणी विचारलं, की आबाजी सांगत, "चार दिवस आलीय." ते चार दिवस होळी आली तरी संपेनात.

"भागीला गोठा नीट करून देऊ," सोनाबाईनं एक दिवस जेवता जेवता विषय काढला. "वरचं छप्पर दणकट हाय. भिंती लिंपल्या, खाली फरशी घातली, की झालं घर."

नवनाथचा घास हातातच राहिला. त्यानं गोठ्यासाठी मुंबईची एक पार्टी बघून ठेवली होती. शनिवार-रविवार गावची हवा खायला येणारी माणसं. त्यांना म्हणे असलं जुनं, गावठी, कौलारूच लागतं.

आबाजींनी निकाल दिला. "गुरांच्या जागंत माणसं ऱ्हात नसतात."

"मंग दादाची पार्टी काय गुरांची हाय?" भाग्यश्रीनं विचारलं.

"ती हौसंनं ऱ्हातात. आपण ऱ्हायलो की लोक म्हणतील, पोरीला गोठ्यात घातली."

खरं कारण हे नव्हतं, आणि ते सोनाबाईला चांगलं ठाऊक होतं. पडवीत झोपणारी मुलगी पाहुणी असते. आज ना उद्या जावई येईल, दोन शब्द इकडचे तिकडचे होतील आणि ती परत जाईल, असं सगळ्यांना म्हणता येतं. तिला तिची चूल मांडून दिली, की मग ती कायमची आली हे गावाला दिसतं. आणि गावाला दिसलं, की बापालाही बघावं लागतं. आबाजी माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त काही गोष्टी बघायच्या नव्हत्या, आणि त्यासाठी पोरीला जन्मभर पडवीत कूस बदलत पडावं लागलं असतं. सोनाबाईच्या जिवाला हे रोज डसत होतं. मुलीला स्वतःचं दार हवं, आतून कडी लावता येणारं, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं.

तिनं नेट लावला. दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं, चहात साखर होती की नव्हती हे सांगणं कठीण होतं, आणि आबाजींची चष्म्याची डबी कुणालाच सापडेना. तिसऱ्या दिवशी आबाजी पाराच्या कट्ट्यावर, चारचौघांत, थाटात बोलले, "करू द्या तिला काय करायचं ते. पण माझी एक अट हाय. घरभरणीच्या दिवशी गाय आपल्या पायानं उंबरा वलांडून आत गेली, तर ते घर, भागीला दिलं. नाय गेली, तर गोठा. मंग तो नवनाथच्या पार्टीचा."

कट्ट्यावरची मंडळी गालात हसली, कारण आबाजींचा डाव सगळ्यांना कळला होता. मागच्याच वर्षी माजी सरपंचांच्या नव्या बंगल्याची घरभरणी झाली, तेव्हा धाकलूची जर्सी गाय आणली होती. दारात तिला चकचकीत फरशीत दुसरी गाय दिसली. तिनं पुढचे पाय रोवले, एक हंबरडा फोडला आणि मांडवाचा बांबू गळ्यातल्या दाव्यात अडकवून ती तडक शेतात गेली. यजमान सोवळ्यातच तिच्यामागं पळाले. त्या दिवसापासून गाईला फरशीवर चालवणं हा पोशीरमध्ये चेष्टेचा विषय होता.

अट घातल्यापासून आबाजी एकदम कामाला लागले. स्वतः कर्जतला जाऊन फरशा पसंत करून आले.

"आरशावानी हायत," ते कौतुकानं म्हणाले. "पोरगी ऱ्हानार त्यात. काय कमी नको."

"हो, बरोबर हाय तुमचं," सोनाबाई म्हणाली.

काम सुरू झालं. टायरं निघाली, वटवाघळांनी दोन दिवस निषेध केला आणि मग तीही निघाली. कुड शेणामातीनं नव्यानं लिंपला, वरून चुना दिला. गोमूत्र वाहून जायची जी दगडी पन्हळ होती, तीच पुढं नेऊन मोरी झाली. उगवतीच्या भिंतीला खिडकी पाडली आणि तिच्यापुढं मशीन ठेवायची जागा केली. सगळ्यांत देखणी झाली ती गव्हाण. गुरांना वैरण टाकायची ती लांब दगडी कुंडी फोडायला गवंडी निघाला होता. भाग्यश्रीनं त्याला थांबवलं. गव्हाणीच्या अर्ध्या भागावर तिनं कडाप्पा बसवून घेतला, त्यावर गॅसची शेगडी आली. उरलेल्या अर्ध्याला तोटी लावली, की भांडी घासायला ऐसपैस जागा. असा ओटा कर्जत तालुक्यात कुणाकडे नसेल, असं ती येईल त्याला दाखवत होती. ती पुन्हा हसायला लागली होती, आणि ते पाहून सोनाबाईला रात्री झोप लागायला लागली होती.

वैशाखातला मुहूर्त धरला. गाय कुणाची आणायची हे ठरवायची वेळ आली.

"धाकलूची जर्सी कशी वाटते?" आबाजींनी साळसूदपणे विचारलं.

"ती नको. मागल्या टायमाला काय झालं ते बघितलंत ना. ठाकरवाडीतनं पदूकडची आणू."

आबाजींना हसू आवरेना. डोंगरावरची गाय! तिनं तर जन्मात फरशी पाहिली नसेल. "आण, आण. देशी गाय कधी पन चांगली," ते म्हणाले. पदूच्या दावणीला चार गाई होत्या; त्यांतली कुठली, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

घरभरणीच्या दिवशी भाग्यश्री अंघोळ करून, नवी साडी नेसून नव्या घरात आली आणि दारातच किंचाळली. आरशासारख्या फरशीवर तिची आई उकिडवी बसून शेणाचा सडा घालत होती. सडा कसला, चांगला बोटभर जाडीचा गिलावाच होता. उंबऱ्यापासून थेट ओट्यापर्यंत हिरवागार पट्टा झाला होता.

"आये! अगं माझी फरशी!"

"गप ऱ्हा. धुता येते."

"पन कशाला?"

"तुला घर पायजे का फरशी?"

भाग्यश्रीनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा शेणाकडं पाहिलं. मग पदर खोचला आणि तीही बसली सारवायला.

आबाजी सोवळं नेसून आले, तेव्हा त्यांचा आरसा पुरता बुजला होता. "ह्यो काय परकार?" ते ओरडले.

भटजी मागोमाग आत आले आणि प्रसन्न झाले. "वा! गोमय! हल्ली कोण करतं हो इतकं? यजमान, तुमचं घराणंच वेगळं." यावर यजमानांना घराण्यासाठी मूग गिळून गप्प बसावं लागलं.

मांडवात अर्धं गाव जमलं होतं. काही जण प्रसादाला आले होते. बाकीचे गाय पळते कशी ते बघायला आले होते, आणि त्यांनी मोबाईल तयार ठेवले होते. तेवढ्यात पायवाटेनं पदू दिसला. दाव्याला तांबूस गाय, तिच्या गळ्यात झेंडूची माळ. आबाजींनी डोळे बारीक केले. चष्मा सोवळ्यात नव्हता, त्यामुळं त्यांना ती नुसती गाय दिसली.

चिंचेपाशी येताच त्या गाईनं मान वर केली. नाकपुड्या फुगवल्या. एकदा लांब हुंकार दिला. आणि मग पदूच्या हातातलं दावं असं काही हिसकलं, की तो मटकन खाली बसला.

"पवळी!" आबाजींच्या तोंडून निघालं. सोनाबाई तेवढ्यात मांडवाच्या खांबाआड काहीतरी शोधत होती.

पवळी धावली. ती माणसांमधून, रांगोळीवरून, भटजींच्या ताम्हनाला वळसा घालून गेली. उंबऱ्याशी क्षणभर थांबली, खाली नाक लावून ओळखीचा वास घेतला आणि उंबरा ओलांडून सरळ आत गेली, अगदी बाजारातून घरी आल्यासारखी. मांडवात टाळ्या पडल्या. सवाष्णी ओवाळायला धावल्या, कुणीतरी शंख फुंकला, नवनाथच्या बायकोनंसुद्धा गाईला हळदकुंकू लावलं. सोनाबाईनं खांबाआडून हळूच आबाजींकडं पाहिलं. त्यांचा चेहरा न शिजलेल्या भातासारखा झाला होता. तिला पोटातून इतका आनंद झाला, की तिनं तोंडात पदर कोंबला.

"उत्तम!" भटजी म्हणाले. "आता गोमातेला बाहेर घ्या, म्हणजे कलश आत नेऊ. मुहूर्त फार नाही."

इथंच घोडं पेंड खायला लागलं.

पवळीची जागा गव्हाणीच्या डाव्या टोकाला होती. ती तिथं गेली आणि सवयीनं तोंड गव्हाणीत घातलं. गव्हाणीत त्या वेळी प्रसादाच्या जेवणाची धुतलेली मेथी होती. मेथी संपल्यावर तिनं पुऱ्यांची कणीक संपवली. नंतर सावकाश पुढचे गुडघे टेकले, मागचं अंग खाली सोडलं आणि ओट्यापुढच्या शेणाच्या सड्यावर आरामात बसून ती रवंथ करायला लागली.

पदूनं दावं ओढलं. पवळीनं डोळे मिटले. नवनाथनं शेपटी पिरगाळली, तेव्हा ती शेपटी शेणात बुचकळून त्याच्या नव्या सदऱ्यावरून आणि निम्म्या तोंडावरून फिरली. भटजींनी एक मंत्र म्हटला, मग जरा मोठ्यानं म्हटला. कुणी गूळ दाखवला. तिनं तो बसल्या बसल्या खाल्ला.

"ती आता नाय उठायची," पदू म्हणाला. "माझ्याकडं पन एकदा बसली की सांजला धारंलाच उठते. काकी, तुमी मला नुसतं आण म्हनलात. परत न्यायचं काय बोलला नाय."

 सोनाबाईनं गाईचं आत जायचं सगळं बघितलं होतं. वास बघितला, शेण बघितलं, कुठली गाय ते बघितलं. ती बाहेर कशी येणार, हा विचार तिला एकदाही शिवला नव्हता.

आणि आबाजी उठले. त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती.

"मंडळी," ते म्हणाले, "गाय आत गेली, ते मी बघितलं. पन कुठं गेली? घरात गेली का? घरात गेलेली गाय देवापुढं उभी ऱ्हाते आन भाईर येते. ही गव्हाणीला गेली. आपल्या जागंवर बसली. मुकं जनावर खोटं बोलत नाय. तिनं सांगितलं, ह्यो गोठाच हाय."

मंडळींना हे पटलं. पटण्यासारखंच होतं. दोन-तीन जणांनी माना हलवल्या. नवनाथनं एका हातानं तोंडावरचं शेण पुसत दुसऱ्या हातानं मोबाईल काढला आणि पार्टीचा नंबर शोधायला लागला. भाग्यश्री दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती रडत नव्हती. पडवीतल्या अंथरुणाकडं परत जाताना माणसाचा जसा चेहरा होतो, तसा तिचा झाला होता, आणि तो सोनाबाईला बघवेना.

सोनाबाईनं युक्ती शोधली. एकही सापडली नाही. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग तिला अशी काही चीड आली, की ती मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"मी पन बघितलं ना," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू गेला. "तीन वरसं दुसऱ्याच्या दाव्याला काढली तिनं. पन जलमली कुठं ते ती इसरली नाय. चिंचेपाशी आली आन पळत सुटली. तुमी काय केलंत? टाळ्या वाजवल्यात. शंख फुंकलात. हळदकुंकू लावलंत. कुनी तिला इचारलं का, की बाय, किती दिवस आलीस? मालक काय बोलला? परत कंदी जाशील?"

तिनं दाराच्या चौकटीकडं बोट केलं.

"भागी पन हितंच जलमली. ती पन अशीच आली. तिला आमी पडवीत जागा दिली आन गावभर सांगितलं, चार दिवस आलीय." तिनं आबाजींकडं पाहिलं. "गाईला जागा हाय, लेकीला नाय, असं एकदा सांगा तुमी हितं. मी आत्ता शेण धुवून काढते. मंग द्या पार्टीला."

भटजी पंचांगात बघायला लागले, त्यात त्या वेळी बघण्यासारखं काही नसताना. नवनाथचा अंगठा नंबरावर थांबला. त्याच्या बायकोनं मोबाईल त्याच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या ब्लाउजमध्ये खोवला.

 आबाजी वळले आणि आत गेले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता गाईवर राग काढणार. दारातून दिसलं ते असं: आबाजी पवळीपुढं उकिडवे बसले होते. "पवळे, ऊठ गं," त्यांनी दरडावलं. पवळीनं त्यांचा हात हुंगला, मग खरबरीत जिभेनं चाटला. कोपरापर्यंत चाटला. याच गोठ्यात, याच हातांनी त्यांनी तिला आईच्या पोटातून ओढून काढलं होतं, आणि पवळीला त्या हातांत अजून काही फरक झालेला दिसत नव्हता.

आबाजींनी दुसरा हात तिच्या कपाळावर ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. बराच वेळ त्यांची पाठच दिसत होती. सोवळ्याचा काठ शेणात भिजत होता. भाग्यश्री दारातून एक पाऊल आत आली आणि थांबली.

"भागे," आबाजी मागं न बघता म्हणाले.

"काय बाबा?"

"ही उठत नाय."

"हं."

"आन मी हिला हाकलू तरी कशी? माझा काय हक्क? घर तुझं हाय." त्यांनी नाक ओढलं. "तुझ्या घरात आलीय ती. बसू द्यायची का उठवायची, तूच काय ते सांग."

बाहेर मांडवात हे सगळ्यांना ऐकू गेलं. आबाजींनी ते तेवढ्या मोठ्यानंच म्हटलं होतं.

  भाग्यश्रीनं डोळे पुसले, साडीचा घोळ वर धरला आणि बसलेल्या पवळीच्या पाठीवरून पाय टाकून ती पलीकडे ओट्यापाशी गेली. दुधाचं पातेलं शेगडीवर ठेवलं, गॅस पेटवला.

"बसू दे तिला, बाबा," ती म्हणाली. "आपलंच माणूस हाय. तुमी फक्त शिंगं धरा, मला लागतील."

आबाजींनी दोन्ही हातांनी शिंगं धरली आणि दूध उतू जाईपर्यंत ती सोडली नाहीत.